आखाजीला मी घरी नाही

वैशू, इकडे ये. खुर्ची ओढून घे आणि तो मोबाईल पालथा घाल. परवा फोनवर तू बोललीस आणि मी तोंड उघडायच्या आत ठेवून दिलास. ही कुठली रीत? आईवर रागवावं, जरूर रागवावं, पण तिचं उत्तर ऐकायला तरी थांबावं. आता हे लिहिलेलं तरी शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून गॅसवरचं दूध बघायला जाऊ नकोस. उतू गेलं तर जावईबापू पुसतील.

तू म्हणालीस, "आखाजीला मी येणार आणि तूच घरी नाहीस? मग मी येऊ कुणाकडे? तू नाहीस तर ते माहेर कसलं?"

लागलं मला ते. लागावं म्हणूनच बोललीस, मी ओळखते, माझीच लेक. पण लागलं म्हणून बेत मोडणार नाही, हे आधीच सांगून टाकते. आखाजीला मी घरी नाही. तुझी निमामावशी, सुलूकाकू आणि मी, आम्ही तिघी नर्मदेपलीकडे चाललो आहोत. सुलूच्या टेम्पोत राहणार, टेम्पोजवळच रांधणार, टेम्पोतच झोपणार, आणि तिकडे दगडावर उमटलेली डायनासोरची पावलं बघून येणार.

हस. बाकी सगळे हसून झाले, तूच राहिली होतीस.

चैत्र संपत आलाय. सावद्यात ऊन असं पडतंय की दुपारी कुत्रंसुद्धा केळीच्या बागेबाहेर येत नाही. डांबर मऊ झालंय, चप्पल उचलताना रस्ता ती धरून ठेवतो. संध्याकाळी बागांना पाणी सुटलं की ओली माती आणि केळीचा चीक यांचा मिळून एक वास गावात शिरतो, आणि तो वास आला की माझ्या पोटात आखाजी हलते. बाहेरच्या लोकांची ती अक्षय्य तृतीया, सोनं घ्यायचा दिवस. आम्हा खानदेशातल्या बायकांची ती आखाजी, आणि आखाजी म्हणजे सुट्टी. सासरी राबणाऱ्या लेकीनं माहेरी यायचं, निंबाला झोका बांधायचा, आणि कुणी काम सांगणार नाही अशा जागी पाय हलवत बसायचं. अगं, शेतावरच्या सालदाराचं सालसुद्धा आखाजीला संपतं. त्या मधल्या दिवशी तो कुणाचा म्हणजे कुणाचाच नसतो, पारावर बसून विडी ओढतो. बाईचं साल कधी संपतं ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

तू गेल्या आखाजीला आली नव्हतीस. तुझ्या लेकीची परीक्षा होती की क्लास, काहीतरी होतं. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात इथं काय काय झालं ते तुला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही म्हणूनच तू एवढी रागावलीस. तर ऐक.

फाल्गुनात निमा धुळ्याहून आली होती. तिला काचबिंदू आहे हे तुला माहीत आहे. जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली की ती थोडे दिवस माझ्याकडे राहते. त्या खेपेला डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपायची. निमा ऐकून घेऊन बाहेर आली. रिक्षात बसताना मला म्हणाली, "अक्का, शे ती नजर काय पेटीमा ठेवू का?" लग्न होऊन धुळ्याला गेली, सून आली, नातवंडं आली, पण माझ्याशी बोलताना तिच्या तोंडी अजून अहिराणीच येते. मी रिक्षावाल्याला उगीच म्हटलं, भाऊ, जरा हळू घ्या.

गच्चीवर तेव्हा बिबडे घालायचं चाललं होतं. जुनी साडी ओली करून पसरायची आणि शिजवलेलं ज्वारीचं पीठ तिच्यावर हातानं पातळ थापत जायचं. लसूण, तीळ, मिरची, सगळ्याचा गरम वास नाकात. सुलू मदतीला आली होती. आम्ही चहाला खाली उतरलो आणि तेवढ्यात एक कावळा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओल्या बिबड्यांवरून चालत गेला. वर येऊन बघते तर सगळ्यांवर नक्षी. मी कावळ्याच्या सात पिढ्या काढायला सुरुवात केली. निमा मात्र खाली बसली, बोटानं चाचपायला लागली. "तीन बोटं पुढे, एक मांगे," म्हणाली. मग एका बिबड्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, ती त्या कावळ्याच्या मागोमाग सरकत गेली आणि एका ठिकाणी थांबली. "आठून उडी गया." मी पाहिलं, खरंच पुढे काही नव्हतं. माझे डोळे धड, पण कावळा कुठून उडाला ते मला दिसलं नव्हतं.

तेव्हा सुलूनं मोबाईल काढला. तिला कुणीतरी एक व्हिडिओ पाठवलेला होता. नर्मदेपलीकडे एक बाग राखली आहे, तिचं नाव मी इथं लिहीत नाही, उगाच सगळा महिला मंडळाचा ग्रुप तिकडे जायचा. तिथं एक सपाट कातळ आहे आणि त्या कातळावर पावलं. तीन बोटांची. सुलू म्हणाली, "हे त कोंबडीचंच पाऊल, फक्त परातीएवढं." व्हिडिओतली बाई हिंदीत सांगत होती की ते जनावर पाण्याकाठच्या चिखलातून चालत गेलं, चिखल वाळला, वरून दुसरा थर बसला आणि त्याचा दगड झाला.

मी त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आमचं अंगण आठवत होते. पारोळ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच आमचं घर. माय अंगण सारवायची तेव्हा निमा आणि मी टपून बसायचो. ओल्या सारवणावरून पळत जायचं, पायाखाली गार, गुळगुळीत, आणि मागे वळून बघायचं तर आपली पावलं. मग मायचा शेणाचा हात पाठीत. ती पुन्हा सारवायची. सारवणाऱ्या बाईकडे तू कधी पाहिलं आहेस का गं? ती पुढे चालत नाही. मागे मागे सरकते, स्वतःच्याच पावलावर हात फिरवत. उंबऱ्याशी पोचते तेव्हा अंगण लख्ख असतं आणि ती तिथून गेली होती याची एक खूण उरत नाही. आणि इथं हे एक जनावर, कुणाला न विचारता ओल्या अंगणातून गेलं, आणि लोक गाड्या करून ते बघायला येतात. मला फार बरं वाटलं. हेवाही वाटला.

सकाळी निमा चहा पिता पिता म्हणाली, "अक्का, माले ते देखनं शे. हात लाई देखनं शे."

झालं. ठरलं.

सुलूला तू ओळखतेस, पण तुझ्या आठवणीतली सुलूकाकू म्हणजे कैरीचं लोणचं आणून देणारी. तिचा नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा तिनं आधी ट्रॅक्टर शिकून घेतला. लोक बांधावर उभं राहून बघायचे. ती म्हणायची, बघा, तिकीट नाही. तो गेल्यावर त्याचा टेम्पो विकायला सगळ्यांनी सांगितलं. हिनं लायसन्स काढलं आणि शेतातून केळीचे घड भरून व्यापाऱ्याकडे पोचवायला लागली. त्या टेम्पोच्या तळाला केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत, कशानंही जात नाहीत. आता तिचा मुलगा नवी गाडी चालवतो, जुना टेम्पो दारात उभा. ती म्हणाली, "यालेच घर करू." मोबाईलवर परदेशातल्या तसल्या गाड्या असतात म्हणे, आत पलंग, ओटा, नळ. मालवाहू गाडीची राहायची गाडी करायची तर आरटीओचे कागद लागतात. जळगावला खेपा घालून तेही तिनंच केले.

आमचं घर बघायला हवं होतंस. प्लास्टिकच्या कॅरेटवर फळ्या टाकून पलंग. कॅरेटच्या पोटात भांडी, धान्य, औषधं. पडद्यांना पीव्हीसीच्या नळ्या. वर काळी टाकी, म्हणजे उन्हात पाणी आपोआप तापेल, आणि आंघोळीला भास्करच्या दुकानातून आणलेली ठिबकची नळी. तुझा भाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, "काकू, ठिबकनं आंघोळ करायची तर एकेका बाईला दुपार होईल." सुलू म्हणाली, "केळीले चालते, त मले काहून नाही चालणार?" दाराला लोखंडी पायरी बसवली, निमाच्या पायाला कळावी म्हणून तिच्यावर काथ्याचा पट्टा. उभी राहिले तर डोकं छताला लागायचं. कोपर हलवलं तर सुलूच्या बरगडीत. तुला सांगते वैशू, इतक्या वर्षांच्या संसारात कपाट कुठं ठेवायचं हेसुद्धा सासूबाईंना विचारून ठरवलं. या घरात खिळा कुठं ठोकायचा ते मी ठरवलं, मीच ठोकला. वाकडा गेला. राहू दिला.

बांधाबांध करताना मात्र आमचा जुना स्वभाव आडवा आला. मी कुरडया, बिबडे, शेवया, सांजोऱ्या, कळण्याचं पीठ, असं सगळं बांधत गेले आणि वर पुरणाचे मांडे भाजायचं मातीचं खापर ठेवलं. सुलूनं दार उघडलं तर पलंगावर बसायला जागा नाही. म्हणाली, "अक्का, मांडे कोणासाठी, त्या डायनासोरासाठी?" आता काय सांगू? आम्हाला जाणं म्हणजे कुणाकडे तरी जाणं एवढंच ठाऊक. रिकाम्या हातानं कसं जायचं? दगडाला भेटायला निघाले होते आणि दगडासाठी कुरडया बांधल्या होत्या. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग खापर उतरवलं. तेवढं उतरवायलाच मला दोन दिवस लागले.

पण त्याहून मोठी गोष्ट आम्ही विसरलो होतो.

निघायचं ठरलं होतं आखाजीच्या पहाटे. निमाला धुळ्याहून उचलायचं आणि तसंच शिरपूरवरून, सेंधव्याचा घाट चढून, खलघाटला नर्मदा ओलांडायची. आदल्या संध्याकाळी टेम्पो दारात धुऊन पुसून उभा. भास्कर दुकानातून आला, टेम्पोभोवती एक चक्कर मारली, टायर दाबून बघितले, माठातलं पाणी प्यायला, आणि हळूच म्हणाला, "आई, घागर कोण भरणार?"

मी जागच्या जागी उभी राहिले. आपल्याकडची आखाजीची रीत तुला मी काय सांगायची. पहाटे उंबऱ्याची पूजा करायची, गेलेल्या एकेका माणसाचं नाव घेत उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट उठवायचं, पितरांसाठी पाण्याची घागर भरायची, तिच्यावर डांगर, ते वाळूतलं खरबूज, आंबा, आणि पुरणावरणाचा नैवेद्य. ती घागर भरायला घरची बाई हवी. आपली सून कविता तिच्या रीतीप्रमाणे बोदवडला माहेरी गेलेली. तिनं का जाऊ नये? तीही लेकच आहे कुणाची तरी. सुलूच्या घरी तीच कथा, तिची सून माहेरी. महिनाभर आम्ही तिघी पडद्याच्या रंगावरून भांडलो, पण घागर एकीच्याही डोक्यात आली नाही.

का आली नाही, ते मी वर्षभर मनात घोळवलं. आखाजी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं झोका येतो. बोरी नदीच्या वाळूतल्या डांगरांचा वास येतो. सासरच्या दारात बैलगाडी सोडून न्यायला आलेले काका आठवतात, त्यांची पगडी दिसताच आम्ही कशा डोळ्यांनी घाई करायचो ते आठवतं. घागर हे नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी काम होतं. मायचं. नंतर सासूबाईंचं. सासूबाई गेल्यापासून मीच ती भरते आहे, पण आतल्या आत मी अजून झोक्यावरच बसलेली. तिथून खाली उतरायला मला कुणी सांगितलं नाही, आणि आता कुणी सांगितलं तरी मी उतरणार नाही.

तर गेल्या आखाजीला मी घरी राहिले. घागर भरली. पुरण वाटलं. गावातले पुरुष आखाजीचे पत्ते खेळत बसले होते, त्यांना आमरस पोचवला. दुपारी निमाचा फोन आला. "अक्का, मी आजून पिशवी सोडी नही." रात्रीच मी तिला कळवलं होतं, तरी सकाळपासून ती धुळ्याला दारातल्या खुर्चीत, नवं पातळ नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. सुनेला सांगितलं होतं म्हणे, अक्का कधीबी येई. मी तिला म्हटलं, "निमे, सोड पिशवी. पुढच्या वर्षी." ती म्हणाली, "बरं." कशी म्हणाली ते मला लिहिता येत नाही. सुलू टेम्पोच्या पायरीवर एकटीच आंबा चोखत बसली होती. तिनं कोय गटारीत भिरकावली आणि म्हणाली, "गाडी कुठी पळून नाही जात." गाडी नाही पळाली. नजर पळाली.

पावसाळा गेला, थंडीत भरिताची वांगी आली आणि संपली. निमाला आता नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. समोर नेमकं आलं तर दिसतं, जरा बाजूला गेलं की नाही. माझा चेहरा बघायला तिला मान फिरवून तो शोधावा लागतो. ताटात आमटीची वाटी कुठं आहे ते विचारते. रडत नाही हं. या वेळी तिला मी होळी झाल्यावरच आणून ठेवली आहे. आत्ता मी लिहितेय आणि ती आत पलंगावर बसून लसूण सोलतेय, माझ्यापेक्षा भराभर. मध्येच विचारते, "वैशूले काय काय लिखी राह्यनी?" मी म्हणते, तुझीच चुगली. पण वैशू, "पुढच्या वर्षी" हा शब्द आता या घरात मी कुणाला उच्चारू देत नाही. पुढच्या वर्षी म्हणजे कुणाच्या तरी डोळ्यांतून काढून घेतलेलं वर्ष.

पाडव्याला जेवताना मी सांगून टाकलं, आखाजीला जाणार. भास्करनं घास तसाच धरला. "पुन्हा तेच? आणि घागर?"

"तू भर."

"मी? मला पुरण येत नाही."

"सांजोऱ्या मी करून ठेवते. रस पिळायला हात आहेत ना तुला?"

"लोक काय म्हणतील, आई? धडधाकट आई असताना पोरगा चुलीपाशी."

"धडधाकट आहे म्हणूनच तर चालले आहे. खाटेला खिळले असते तर कुठं गेले असते?"

कविता आमटी वाढत होती. ती शांतपणे म्हणाली, "पितर ह्यांचेच की. मी परक्या घरची, तरी सगळ्यांची नावं मला पाठ. ह्यांना विचारा बरं पणजीचं नाव." भास्कर माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे. नाही आलं त्याला. दुकानात दीडशे जातीचे नळ आणि जोडण्या तोंडपाठ, आणि ज्या बाईच्या पोटी त्याच्या आज्याचा जन्म, तिचं नाव ठाऊक नाही. परवा दुकानातून येताना तो जिन्यात काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं गिऱ्हाईकाला शिव्या देतोय. कान दिला तर, "भागाबाई, ठकूबाई, सीताराम..." पाठ करत होता. मी तशीच मागे फिरले, त्याला कळू दिलं नाही. सुलूनंही आपल्या घागरीचं मुलाच्याच गळ्यात घातलंय.

त्या दिवसापासून तो बदलला म्हणत नाही. अजून रोज एक खोट काढतो. घाटात गाडी तापेल, तिकडे रेंज नसेल, निमामावशी पडेल. पण काल त्यानं टेम्पोच्या बाजूला हिरवी शेडनेट लावून दिली, ओढली की मांडव. मग आत जाऊन पलंगावर जरा आडवा झाला आणि म्हणाला, "छान हवा लागते इथं." बाहेर ये आधी, म्हटलं.

आणखी एक आहे, ते तुझ्या भावालाही सांगितलं नव्हतं, तुला सांगते. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. आबा आणि माय यांची घागर माझा चुलतभाऊ भरायचा. तो सुरतेला गेला, तिकडेच राहिला. मग रस्ता चौपदरी झाला आणि आमचं घर त्यात गेलं. तू त्या रस्त्यानं कितीदा गेली असशील, गाडीत झोपलेली. जिथं डाव्या बाजूच्या गाड्या सुसाट जातात तिथं मायची चूल होती. निंब होता तिथं आता दोन रस्त्यांच्या मधली कण्हेर आहे. लेकींनी माहेरच्या पितरांची घागर भरायची रीत नाही, हे मला माहीत आहे. घर नाही, उंबरा नाही, भरायची कुठं, हेही माहीत आहे. तर ऐक. आखाजीच्या सकाळी आम्ही तिथं कडेच्या रस्त्याला टेम्पो उभा करणार. ती लोखंडी पायरी आहे ना, तोच उंबरा. निमा मायच्या नावानं कुंकवाचं बोट उठवेल, मी आबांच्या. घागर भरू. ट्रक हॉर्न देतील, देऊ देत. कुणी विचारलं तर सांगेन, आमच्या अंगणात उभ्या आहोत, तुम्हीच बाजूनं जा. मग पुढे धुळे, शिरपूर, घाट.

आता तुझं उत्तर. तू नाहीस तर माहेर कसलं, असं तू म्हणालीस. म्हणजे मी इथं असावं. केव्हाही ये, दार उघड, आई आहे. चुलीपाशी आहे. मलाही माझी माय तशीच हवी होती, आणि ती तशीच राहिली, हलली नाही, त्या घरातून थेट चार खांद्यांवरूनच निघाली. पण तिला झोक्यावर बसावंसं वाटलं असेल का, हे मी तिला एका आखाजीलाही विचारलं नाही. आम्ही झोक्यावर असताना ती घागर भरत होती. एकीची सुट्टी दुसरीच्या कमरेवर, ही अशी रांग आहे बघ आपली, आणि रांगेच्या टोकाला कोण, तर जिला आता जायला जागा नाही ती म्हातारी. तिनं राहायचं घरी. का तर सगळ्यांना परत यायला कुणीतरी हवं.

मला नाही राहायचं. रागानं नाही म्हणत. तुझ्यावर प्रेम आहे म्हणूनच स्पष्ट सांगते. ते जनावर चिखलात उभं राहिलं असतं तर रुतून बसलं असतं. ते चालत पुढे गेलं म्हणून पाऊल उरलं. तुला माझी आठवण म्हणून काय हवंय, मी बसते ते पाटाचं टोक? की आई एकदा टेम्पोत बसून घाट चढून गेली होती, हे? तुझ्या लेकीला काय सांगशील?

लोक म्हणतात, गुडघे बघा. गुडघे मी रोज बघते, तेच मला बघत नाहीत. लोक म्हणतात, या वयात दगड कसले बघायचे. मग कुठल्या वयात? तरुणपणी दळण होतं, मधल्या वयात तुमची लग्नं होती. म्हातारपणी तेवढं देवळात जायला परवानगी असते, तीही कुणी सोबत असेल तर. देवाला मी वाईट म्हणत नाही. तो सगळीकडे आहे म्हणतात, मग नर्मदेपलीकडच्या त्या कातळावरही असेल. तिथं निमाला अनवाणी उभी करणार आहे, त्या परातीएवढ्या पावलात. तिला दिसो न दिसो. तिचा पाय सांगेल तिला.

तेव्हा रुसवा सोड आणि ये. आखाजीच्या आदल्या दिवशी सावद्याला पोचलीस तर उत्तम, पहाटे भास्करला रस पिळताना बघायला मिळेल. सुट्टी नसेल तर थेट धुळ्याला उतर, निमाच्या घरापाशी आम्ही दुपारपर्यंत थांबू. पलंगाची फळी अजून एका माणसाला पुरते, मी झोपून बघितलंय. काही आणू नकोस, जागा नाही. डोक्याला बांधायला सुती ओढणी तेवढी आण. दुपारनंतर मात्र आम्ही थांबणार नाही, सुलूला घाट उजेडी चढायचा आहे.

आजवर मी दरवेळी "घरी ये" म्हणत आले. या वेळी म्हणते, माझ्याकडे ये. लवकर ये.